द्वारपालाची पारख

जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये हामा नावाचा एक द्वारपाल आहे. रोहान या घोडेस्वारांच्या राज्यात, थेओडेन राजाच्या मेडुसेल्ड या सुवर्णमहालाच्या दारात त्याचा पहारा असतो. आत जाणाऱ्यांची शस्त्रं उंबरठ्यावर ठेवून घ्यायची, हे त्याचं काम. गॅन्डाल्फ हा जादूगार ॲरागॉर्न, लेगोलास आणि गिम्ली यांना घेऊन येतो, तेव्हा हामा चौघांची शस्त्रं ठेवून घेतो. गॅन्डाल्फची काठी मात्र आत जाऊ देतो. थोड्याच वेळात गॅन्डाल्फ राजाला ग्रीमा वर्मटंग या कपटी सल्लागाराच्या विळख्यातून सोडवतो. कथानक तिथून घोड्यावर बसून युद्धाकडे निघतं आणि वाचक हामाला विसरून जातो.

ज्यांना तो आठवतो, त्यांच्या मनात बहुधा एका भोळ्या पहारेकऱ्याचं चित्र असतं. म्हाताऱ्याच्या गोड बोलण्याला तो भुलला, त्याच्या हातून चूक झाली, आणि नशिबाने ती चूक पथ्यावर पडली. पीटर जॅक्सन यांच्या २००२ सालच्या 'द टू टॉवर्स' या चित्रपटाने हे चित्र पक्कं केलं. तिथे गॅन्डाल्फ केविलवाणा चेहरा करतो, हामा विरघळतो, गॅन्डाल्फ हळूच डोळा मिचकावतो आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो.

हा समज उथळ आहे. हामा फसलेला नाही आणि गाफीलही नाही. त्याने काठी आत जाऊ दिली, ती आपल्या पदाची जबाबदारी पुरती ओळखून. त्या निर्णयात टोल्किन यांच्या राज्यविचाराचा एक महत्त्वाचा धागा आहे: सत्तेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला स्वतःची बुद्धी वापरता येते की नाही, यावरून ते राज्य निरोगी आहे की कुजलेलं, हे कळतं. हे प्रतिपादन टप्प्याटप्प्याने तपासून पाहता येतं.

१. मूर्ख कोण म्हणालं?

प्रथम आरोप करणारा कोण, ते पाहू. गॅन्डाल्फच्या हातातली काठी दिसताच ग्रीमा चवताळतो. काठीला मनाई करा असं आपण सांगितलं होतं, याची तो राजाला आठवण देतो आणि हामाला मूर्ख व घातकी ठरवतो. हामाला मूर्ख म्हणणारा अख्ख्या पुस्तकात हा एकच माणूस, आणि तो शत्रूचा हस्तक. हामाच्या गाफीलपणाला हसणारा वाचक नकळत ग्रीमाचीच साक्ष ग्राह्य धरत असतो.

आता आज्ञा नेमकी काय होती ते पाहू. रोहानच्या राजधानीच्या, एडोरासच्या, वेशीवरचा पहारेकरी आत जाऊन राजाचा निरोप घेऊन येतो. त्या निरोपात शस्त्रांबरोबर काठीचाही स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हामापुढे पळवाट नव्हती. काठी हे शस्त्र की आधार, हा शब्दच्छल करायलाही जागा नव्हती. तरीही तो काठीकडे निरखून पाहतो, जादूगाराच्या हातातली काठी निव्वळ म्हातारपणाचा टेकू नसू शकते, हे स्वतःच्या तोंडाने बोलून दाखवतो आणि मग शंकेच्या वेळी लायक माणसाने आपल्या शहाणपणावर विसंबावं, अशा आशयाचं काही सांगून दार उघडायला लावतो.

इथेच भोळेपणाचा सिद्धांत कोसळतो. धोका काय आहे हे त्याला ठाऊक आहे, आज्ञा काय आहे हेही ठाऊक आहे, आणि आपण तिच्यापासून दूर जात आहोत याचीही त्याला जाणीव आहे. चित्रपटाने या तीनपैकी दोन गोष्टी पुसल्या. तिथला हामा काठीबद्दलची शंका बोलून दाखवत नाही, आणि नि:शस्त्र करण्याचा हुकूम राजाचा नसून ग्रीमाचा असल्याचं तो सांगतो. हुकूम खलनायकाचा झाला की तो मोडण्यात पेच उरत नाही. मूळ पुस्तकातला पेच असा की, हुकूम कायदेशीर राजाचा आहे, हामाचं त्या राजावर प्रेम आहे, आणि तो राजा सध्या स्वतःच्या ताब्यात नाही.

२. तलवार अडली, काठी गेली

हामा ढिला होता का, याचं उत्तर काठीच्या आधी घडलेल्या प्रसंगात आहे. ॲरागॉर्न आपली तलवार अँडुरिल उतरवायला तयार नसतो. आपण एलेंडिलचे वारस आहोत, गोंडोरच्या गादीवर आपला हक्क आहे, तेव्हा थेओडेनची इच्छा आपल्या इच्छेपेक्षा वरचढ का मानावी, असा त्याचा युक्तिवाद असतो. हामा झटकन पुढे होऊन दार अडवतो आणि नंगी तलवार पाहुण्यांवर रोखतो. हे घर थेओडेनचं आहे. ॲरागॉर्न गोंडोरचा राजा असता तरी इथे त्याची आज्ञा चालली नसती, हे तो सुनावतो. ज्याच्यापुढे कादंबरीच्या शेवटी सारा पश्चिम प्रदेश झुकणार आहे, त्या माणसाला हामा उंबरठ्यावर रोखून धरतो. गॅन्डाल्फदेखील हामाचीच बाजू घेतो: मागणी गरजेची नाही, पण आपल्या घरात राजाचाच शब्द चालणार.

शेवटी ॲरागॉर्न नमतो. तलवार तो स्वतःच्या हाताने भिंतीशी टेकवून ठेवतो आणि तिला कुणीही हात लावू नये, असं बजावतो. हामा ते मान्य करतो. इथे त्याच्या पारखीची पहिली चुणूक दिसते. नियमाचा हेतू होता शस्त्र आत जाऊ नये. ते कुणी कुठे ठेवावं, यावर तो अडून बसत नाही.

काठीचा प्रश्न येतो तो याच्यानंतर. तोवर हामाच्या हाती पुरावा जमला आहे. लेगोलासने धनुष्य दिलं, गिम्लीने कुऱ्हाड ठेवली, गॅन्डाल्फने ग्लॅमड्रिंगसारखी नामांकित तलवार सहज सोपवली, आणि ज्याचा मान सर्वांत मोठा त्यानेही तलवार उतरवली. घात करायला आलेली माणसं एवढं हातचं सोडत नाहीत. सोनेरी अरण्यातल्या स्त्रीविषयी रोहानमध्ये भीतीदायक अफवा होत्या. लेगोलासने तिचं नाव घेताच हामा दचकतो. तरीही त्या भीतीला तो आपल्या निर्णयावर स्वार होऊ देत नाही. त्याने समोरच्या माणसांची वागणूक पाहिली आणि तिच्यावरून मत बनवलं.

एकाच द्वारपालाने काही मिनिटांच्या अंतराने एकदा नियम ताठपणे राबवला आणि एकदा वाकवला. या दोन्ही कृती एकत्र वाचल्या तरच हामा समजतो. चित्रपटाने पहिली कृती गाळली, त्यामुळे दुसरी विनोदी ठरली.

३. जुन्या दारांची साक्ष

टोल्किन १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते आणि 'बेओवुल्फ' हे त्यांच्या अभ्यासाचं मुख्य काव्य. १९३६ मधलं त्यांचं त्या काव्यावरचं व्याख्यान आजही पायाभूत मानलं जातं. मेडुसेल्डच्या दारातला प्रसंग 'बेओवुल्फ'मधल्या प्रवेशाच्या प्रसंगांवर बेतलेला आहे, हे टॉम शिप्पी यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. पण साम्य दाखवून थांबलं तर महत्त्वाचा मुद्दा निसटतो. त्या जुन्या काव्यातले द्वारपाल काय करतात?

बेओवुल्फ डेन्मार्कच्या किनाऱ्यावर उतरतो तेव्हा किनाऱ्याचा रखवालदार त्याला अडवून ओळख विचारतो. उत्तर ऐकल्यावर तो म्हणतो की चाणाक्ष योद्ध्याला बोलणं आणि करणी यांतला फरक जोखता आला पाहिजे. मग स्वतःच्या अंदाजावर तो या सशस्त्र परक्यांना वाट दाखवतो. पुढे ह्रोथगार राजाच्या हिओरोट महालाच्या दारात वुल्फगार भेटतो. हा वेंडल लोकांतला सरदार, लढवय्या आणि शहाणा म्हणून नावाजलेला. तो निरोप आत नेतो, पण निरोप्यासारखा नाही. हे लोक योग्यतेचे दिसतात, यांना भेट नाकारू नका, असा सल्ला तो राजाला देतो. परत येऊन शिरस्त्राणं राहू द्या, ढाली-भाले बाहेर ठेवा, असं पाहुण्यांना सांगतो.

म्हणजे टोल्किन यांच्यासमोर जी परंपरा होती, तिच्यात द्वारपाल हा पारखी माणूसच होता. तिथे दारावर नावाजलेल्या सरदाराला उभं करत, कारण त्या जागी डोकं लागतं.

त्याच परंपरेत उलटं उदाहरणही आहे. इसवी सन ९९१ मध्ये एसेक्समधल्या माल्डनजवळ व्हायकिंगांना एका अरुंद वाटेने पाणी ओलांडायचं होतं. तीन योद्ध्यांनी ती वाट रोखून धरली होती. पण सरदार बेओर्हटनोथने शत्रूला मोकळेपणाने पलीकडे येऊ दिलं, आणि इंग्रज हरले. टोल्किन यांनी १९५३ मध्ये या लढाईवर एक नाट्यकाव्य आणि सोबत टिपण प्रसिद्ध केलं. त्यात त्यांनी सरदाराच्या गर्वावर कठोर टीका केली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५४ मध्ये, हामाचा प्रसंग असलेला 'द टू टॉवर्स' हा खंड बाजारात आला. वाट कुणासाठी आणि कशापोटी मोकळी करावी, हा प्रश्न त्यांच्या दोन्ही लेखनांत आहे. बेओर्हटनोथ स्वतःच्या बडेजावापोटी वाट सोडतो. हामा समोरच्याची पारख करून सोडतो.

मराठी वाचकाला इथे जय-विजय आठवणं स्वाभाविक आहे. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात सनकादिक ऋषी बालरूपात, दिगंबर अवस्थेत वैकुंठाच्या दाराशी येतात आणि द्वारपाल त्यांना अडवतात. बाह्य रूपावरून केलेल्या त्या निवाड्याची शिक्षा म्हणून दोघांना असुरयोनीत जन्म घ्यावा लागतो. विशेष म्हणजे विष्णू सेवकांचा अपराध आपल्यावर ओढून घेतो. दारात जी चूक होते ती घराच्या धन्याची असते, हे भान त्या कथेतही आहे.

४. रोहानचा दुसरा द्वारपाल

हामाचं मोल कळायचं तर त्याच्याशेजारी ग्रीमाला उभं करावं लागतं. कारण त्या काळात रोहानमध्ये द्वारपाल दोन आहेत. हामा महालाच्या दारावर आहे आणि ग्रीमा राजाच्या कानाशी. राजाला काय कळावं, कुणाची भेट व्हावी, कुणावर संशय धरावा, हे ग्रीमा ठरवतो. परक्यांना वेशीतून आत घेऊ नये, हा हुकूमही त्याचाच. तो दोनच रात्रींपूर्वी निघालेला आहे. राजाचा भाचा एओमेरला कैदेत टाकलं गेलं, त्यामागेही त्याचंच डोकं.

दोघांच्या कामाची पद्धत अगदी उलटी आहे. ग्रीमाचं बळ बंद दारांत आणि कुलपांत आहे. राजाची हेरुग्रिम ही तलवार शेवटी त्याच्याच पेटीत सापडते. ती शोधून आणतो हामा, आणि किल्ल्या द्यायला ग्रीमा कुरकुरत होता, लोकांच्या हरवलेल्या पुष्कळ वस्तू त्या पेटीत आहेत, हेही सांगतो. ज्याच्यावर दार राखण्याचा भार होता तो वस्तू परत करत आहे आणि ज्याच्यावर सल्ल्याचा भार होता तो त्या कोंडून बसला होता, हा विरोध टोल्किन यांनी मुद्दाम रचला आहे.

यानंतर येतो तो प्रसंग वाचकांच्या नजरेतून सर्वाधिक सुटतो. राजा युद्धाला निघताना प्रजेची जबाबदारी कुणावर सोपवावी, असं विचारतो. लोकांचा विश्वास कुणावर आहे, या त्याच्या प्रश्नाला हामा उत्तर देतो: एओर्लच्या घराण्यावर. राजाला वाटतं तो एओमेरविषयी बोलतोय. एओमेर तर युद्धावर हवा आणि तो घराण्यातला शेवटचा. हामा नम्रपणे दुरुस्ती करतो: शेवटचा तो नाही, त्याची बहीण एओविन आहे, ती निर्भय आहे आणि सगळ्यांची लाडकी आहे. राजा ते मान्य करतो.

ज्या घराण्यात ती वाढली त्यातल्या पुरुषांना जी दिसली नव्हती, ती दारात उभ्या असणाऱ्याला दिसली. रोजच्या येण्याजाण्यात कोण कसं आहे, कुणाकडे लोक मनापासून वळतात, हे त्याला ठाऊक आहे. काठीचा निर्णय एकदाच साधलेला योग होता असं म्हणणाऱ्याने या दुसऱ्या निर्णयाचाही हिशेब द्यावा.

५. आज्ञाभंगांची साखळी

हामा एकटा असता तर त्याला अपवाद म्हणता आलं असतं. पण कादंबरीत अशा निर्णयांची साखळीच आहे, आणि तिच्या कड्या एकमेकींत अडकलेल्या आहेत.

पहिली कडी एओमेर. परवानगीशिवाय परक्यांना रोहानच्या माळावर फिरू द्यायचं नाही, हा त्याच्यावरचा नियम. तरी तो ॲरागॉर्नला सोडतो, वर घोडे देतो आणि मेडुसेल्डला येऊन स्वतःची सचोटी सिद्ध करण्याचं वचन घेतो. आपला जीवही त्या वचनावर टांगलेला असू शकतो, हे तो बोलून दाखवतो. म्हणजे ॲरागॉर्न हामाच्या दारात येतो तो एओमेरच्या एका निर्णयाचं ऋण फेडायला. एका अधिकाऱ्याची पारख दुसऱ्या अधिकाऱ्याच्या दारापर्यंत चालत आलेली असते.

दुसरी कडी गोंडोरचा सेनानी फारामिर. गोंडोरच्या अधिपतीच्या परवानगीवाचून इथिलियनमध्ये सापडणाऱ्याला ठार करावं, हा आदेश असताना तो फ्रोडो आणि सॅमला सोडतो आणि नंतर बापाचा, म्हणजे त्याच अधिपती डेनेथॉरचा, रोष झेलतो.

तिसरी कडी सर्वांत गुंतागुंतीची: बेरेगोंड. मिनास तिरिथच्या गडाचा हा शिपाई. वेडाच्या भरात डेनेथॉर जिवंत फारामिरला चितेवर घ्यायला निघतो, तेव्हा बेरेगोंड पहाऱ्याची जागा सोडून धावतो. त्या गुन्ह्याला देहान्ताची शिक्षा आहे. वाटेत स्मशानवाटेच्या बंद दारावरचा राखणदार त्याचं ऐकत नाही, तलवार उपसतो आणि बेरेगोंडच्या हातून मारला जातो. हा राखणदार म्हणजे हामाचा उलटा आरसा. वेड्या झालेल्या धन्याची आज्ञा त्याने अक्षरशः पाळली आणि तिच्यातच तो संपला. टोल्किन त्याला खलनायक करत नाहीत. बेरेगोंडला त्या हत्येचं दुःख कायमचं राहतं.

निवाडा ॲरागॉर्नपुढे येतो. तो बेरेगोंडला निर्दोष सोडत नाही. गडाची नोकरी आणि शहर दोन्ही सोडायला लावतो. पण देहान्ताची शिक्षा माफ करून त्याला फारामिरच्या रक्षकदलाचा प्रमुख नेमतो. नियम मोडल्याची किंमत आहे आणि तो का मोडला याचीही दखल आहे. कादंबरी ज्याला आदर्श राजा मानते, त्याच्या पहिल्या निवाड्यांपैकी हा एक आहे.

६. चार आक्षेप

*प्रत्येक पहारेकरी स्वतःच्या बुद्धीने वागू लागला तर राज्य चालेल कसं?* हा आक्षेप गंभीर आहे आणि हामाच्या वागण्यातच त्याचं उत्तर शोधावं लागतं. त्याच्या निर्णयाला चार मर्यादा आहेत. आज्ञेपासून तो गरजेपुरताच दूर जातो. तलवारी बाहेरच राहतात. निर्णय तो उघड, सर्वांसमोर आणि कारण सांगून घेतो. त्यात त्याचा स्वतःचा लाभ नाही. आणि जाब द्यायला तो तयार आहे. एओमेरला त्याची तलवार कुणी दिली, असं राजा विचारतो तेव्हा थरथरत का होईना हामा पुढे येतो: हे माझं काम, त्याला मोकळं करायचं आहे असं मला वाटलं, आनंदाच्या भरात चूक झाली असेल. या चार अटी पाळणारी मुभा बेबंदशाहीकडे जात नाही. यांपैकी एकही सुटली की वाट तिकडेच जाते.

*मुभा विकत घेता येते.* खरं आहे, आणि या आक्षेपाला जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी कादंबरीचं रूप दिलं आहे. त्यांच्या 'अ फीस्ट फॉर क्रोज' (२००५) मध्ये नेस्टर रॉइस हा दुय्यम शाखेतला सरदार व्हेलमधल्या 'गेट्स ऑफ द मून' या किल्ल्याचा रक्षक आहे. लायसा ॲरिनच्या मृत्यूमागचं सत्य दडपण्यासाठी पीटर बेलिश त्याला तो किल्ला वंशपरंपरेने बहाल करणारा कागद देतो. त्यावर व्हेलच्या बालसरदार रॉबर्टची नव्हे, बेलिशची स्वतःची सही आहे. म्हणजे बेलिश टिकला तरच कागद टिकणार. नदीवरच्या पुलाचा धनी वॉल्डर फ्रे तर 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स' (२०००) मध्ये पाहुण्यांना घरात घेऊन त्यांची कत्तल करवतो. वरच्या चार अटी या दोघांना लावून पाहाव्यात. दोघांचा स्वार्थ गुंतलेला आहे, दोघांचे व्यवहार पडद्याआड ठरलेले आहेत. मार्टिन यांचं जग टोल्किन यांच्यापेक्षा कडू आहे, पण दारात समाजाची नीती कळते यावर दोघांचं दुमत नाही. माणूस विकला जाऊ शकतो म्हणून त्याची बुद्धी काढून घेतली तर उरतो तो स्मशानवाटेवरचा राखणदार, आणि विकलेल्या माणसाइतकाच तोही धोक्याचा ठरतो.

*ही नुसती लेखकाची सोय आहे.* काठी आत गेली नसती तर पुढचा प्रसंगच घडला नसता, म्हणून टोल्किन यांनी ती नेली, असं म्हणता येईल. पण सोयच हवी होती तर निरोपात काठीचा उल्लेखच न करणं सर्वांत सोपं होतं. टोल्किन यांनी उलट तो उल्लेख आवर्जून घातला, द्वारपालाला धोक्याची जाण दिली आणि मग निर्णय घ्यायला लावला. सोय साधायची असलेला लेखक स्वतःची वाट अशी अवघड करून घेत नाही.

*टोल्किन तर आज्ञाधारकतेचे गौरवगायक होते.* माल्डनवरच्या त्याच टिपणात त्यांनी सरदाराच्या चुकीनंतरही त्याच्यासाठी मरणाऱ्या साथीदारांच्या निष्ठेची थोरवी गायली आहे. मग हामाची पारख त्यांच्या विचारात कशी बसते? तिथल्या साथीदारांपुढे निर्णय उरलाच नव्हता. शत्रू पलीकडे आलेला होता, मरणं किंवा पळणं एवढंच बाकी होतं. हामासमोर निर्णय अजून जिवंत आहे. शिवाय टोल्किन स्वतः १९१६ मध्ये सोमच्या लढाईत लँकेशायर फ्युजिलिअर्सच्या ११व्या तुकडीचे संदेशवहन अधिकारी होते. हुकूम आणि बातम्या इकडून तिकडे पोचवणं हे त्यांचं काम. हुकूम निघाला तेव्हाची परिस्थिती आणि तो पोचला तेव्हाची परिस्थिती यांत किती अंतर पडतं, हे अशा जागी बसलेल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. त्यांच्या लेखी निष्ठा माणसाशी असते आणि आज्ञा हे तिचं एक साधन. साधन धन्याच्याच विरुद्ध वापरलं जात असेल, तर निष्ठावंताने ते बाजूला ठेवावं, हेच हामा करतो.

७. बरोबर ठरण्याची किंमत

आणखी एक गोष्ट हामाला 'सुदैवी मूर्ख' या चौकटीत बसू देत नाही. मेडुसेल्डच्या दारातला प्रसंग तिसऱ्या युगाच्या ३०१९ सालातल्या २ मार्चचा आहे. हॉर्नबर्ग या किल्ल्याची लढाई ३ मार्चच्या रात्री सुरू होते. मधल्या वाटचालीत गॅन्डाल्फ अचानक सैन्य सोडून निघून जातो. एक शिपाई हामाला याचा अर्थ विचारतो आणि ग्रीमा असता तर त्याने सहज काही तरी अर्थ लावला असता, असंही सुचवतो. हामा ते नाकारत नाही. पण गॅन्डाल्फ पुन्हा दिसेपर्यंत आपण मत बनवणार नाही, एवढंच म्हणतो. दारात उभं असताना त्याने ज्याच्यावर विश्वास टाकला, त्याच्यावर संशय घ्यायला आता सबळ निमित्त मिळालं होतं. तरी त्याने आपली पारख फिरवली नाही, आणि ती खरी ठरलीच असाही दावा केला नाही.

त्या लढाईत हामा हॉर्नबर्गच्या दरवाज्यासमोर पडतो. इतर मृतांसाठी ढिगारे रचले जातात. राजाच्या रक्षकांचा हा नायक मात्र किल्ल्याच्या सावलीत स्वतंत्र थडग्यात पुरला जातो. चित्रपटात त्याला वाटेतच एक वर्ग, म्हणजे लांडग्यासारखं श्वापद, ठार करतं. त्याच्या मृत्यूचा दरवाज्याशी असलेला संबंध त्यामुळे तुटतो. दार राखताना मरणं रोहानमध्ये हलक्या माणसाचं काम नव्हतं. कादंबरीच्या परिशिष्टात २७५८ सालच्या आक्रमणात हेल्म राजाचा मुलगा हालेथ याच मेडुसेल्डची दारं राखताना सर्वांत शेवटी पडतो. हेल्मच्या दुसऱ्या मुलाचं नाव हामा होतं. द्वारपालाला राजपुत्राचं नाव देऊन टोल्किन यांनी त्याची जागा त्या इतिहासातच दाखवून ठेवली आहे.

हामाला दुय्यम म्हणणाऱ्यांनी लढाईनंतरचा ऑर्थांक मनोऱ्याजवळचा प्रसंग पुन्हा वाचावा. रोहानवर सैन्य धाडणारा सारुमान गोड आवाजात थेओडेनपुढे तहाचा प्रस्ताव ठेवतो. रोहानचे स्वार त्या आवाजाने भारावतात आणि राजा बराच वेळ गप्प राहतो. मग तो तह नाकारतो आणि कारणं सांगतो: वेस्टफोल्डमध्ये पेटवलेली घरं, तिथे मेलेली मुलं, आणि मेल्यावरही हॉर्नबर्गच्या दारात तोडलेला हामाचा देह. सारुमानच्या सैन्याने थेओडेनचा एकुलता मुलगा थेओड्रेड काही दिवसांपूर्वीच आयसेनच्या उतारावर मारला होता. राजा त्याचं नाव घेत नाही. मृतांपैकी नावाने उल्लेख होतो तो एकट्या हामाचा.